ईसीजीत 'जुना अ‍ॅटॅक', इकोत (हृदयाच्या सोनोग्राफीत) काहीच नाही. मदत हवी आहे

वाशीचा_टेक्निशियन:
चेकअपला आलेल्या ५४ वर्षांच्या बाईंच्या ईसीजीवर मशीनने 'अँटेरोसेप्टल इन्फार्क्ट, एज अनडिटरमाइन्ड' छापलंय, म्हणजे हृदयाच्या पुढच्या भिंतीला कधीतरी अ‍ॅटॅक येऊन गेलाय. छातीवरच्या व्ही१-व्ही२ लीडमध्ये क्यूएस (सुरुवातीची वर जाणारी आर लाट नाही, नुसती खाली जाणारी), व्ही३ मध्ये आर जेमतेम १ मिमी. क्यूआरएस (व्हेंट्रिकल म्हणजे खालच्या कप्प्यांच्या ठोक्याची लाट) ८६ मिलिसेकंद, म्हणजे नॉर्मल. छातीत दुखत नाही. इकोत ईएफ (हृदयाची पंपिंग क्षमता) ६०%, भिंती छान हलतायत, सेप्टम (मधला पडदा) ९ मिमी, सगळं नॉर्मल. नातेवाईक विचारतायत, खरं काय धरायचं?

ऐरोली_इको:
इकोवर शंका घेण्याआधी ईसीजी परत काढा. व्ही१-व्ही२ ठरलेल्या जागेपेक्षा वर लागले की छोटा आर गायब होतो आणि मशीन बिनधास्त इन्फार्क्ट छापतं. व्ही२ मधली पी (वरच्या कप्प्यांची छोटी लाट) बघा, पूर्ण उलटी असेल तर लीड वर लागल्याचा दाट संशय.

छातीच्या हाडावरचा उंचवटा बोटाने शोधा, त्याला लागून दुसरी बरगडी. तिच्याखालची बरगड्यांमधली फट दुसरी, तिथून चौथीपर्यंत मोजत या; व्ही१-व्ही२ तिथे, हाडाच्या दोन्ही बाजूंना. गळ्यापासून अंदाजाने मोजलं की हमखास चुकतं. व्ही१-व्ही२ नंतर थेट व्ही४ लावा, पाचव्या फटीत कॉलरबोनच्या मध्यरेषेवर. व्ही३ मग व्ही२ आणि व्ही४ च्या मधोमध. बायकांमध्ये व्ही४ स्तनाखाली.

वाशीचा_टेक्निशियन:
व्ही२ मधली पी उलटीच होती! परत काढला: व्ही१ मध्ये आर २ मिमी, व्ही३ मध्ये ५. आता जुनी पट्टी फाडू का?

ठाणे_फिजिशियन:
अजिबात नाही. 'लीड वर लागल्या होत्या' असं लिहून दोन्ही फाइलला लावा, नाहीतर पुढच्या डॉक्टरला 'नवा बदल' वाटेल.

एखाद्या पेशंटमध्ये परत काढूनही क्यूएस राहिला तर एलबीबीबी (डाव्या बाजूच्या विद्युतमार्गातला अडथळा), जाड झालेलं डावं व्हेंट्रिकल आणि सीओपीडीची (फुप्फुसांच्या जुनाट आजाराची) फुगलेली फुप्फुसं आधी बघायची. जुन्या अ‍ॅटॅकचा छोटा व्रण साध्या इकोत सुटूही शकतो, म्हणून इकोच्या फॉर्मवर नुसतं 'रुटीन' न लिहिता 'व्ही१-व्ही३ क्यूएस, सेप्टम आणि एपेक्स नीट बघा' असं लिहावं. हृदयाच्या टोकाकडून घेतलेला एपिकल व्ह्यू तिरका कापला गेला की एपेक्स (ते टोक) हमखास निसटतं.

खरी भीती उलट्या जोडीची, म्हणजे इकोत बिघाड आणि ईसीजीत लाटा लहान. इकोत भिंत १५ मिमी आणि ईसीजीत लिंब (हातापायांच्या) लीडमध्ये क्यूआरएस ५ मिमीपेक्षा कमी, तर ते 'बीपीचं हृदय' म्हणून सोडू नका, अमायलॉइडचा (हृदयाच्या स्नायूत विकृत प्रथिन साचण्याचा) विचार करा. आणि छातीत दुखणाऱ्या पेशंटला इकोच्या रांगेत बसवू नका. ट्रोपोनिन (हृदयाच्या इजेची रक्ततपासणी) आणि दर १५-३० मिनिटांनी ईसीजी, इको त्यानंतर.