मुलगा मागच्या सीटवर बेल्ट लावत नाही, काय करावं?

पालक
मुलगा सोळा वर्षांचा आहे. पुढे बसला की बेल्ट लावतो, कारण नाही लावला तर गाडी पिक-पिक करत राहते. मागे बसला की हात लावत नाही. म्हणणं असं: बेल्ट मानेला घासतो, जवळच तर जायचंय, आणि मित्रांपैकी कुणीच लावत नाही. जास्त मागे लागलं तर काखेखालून घेतो. थोड्याच वर्षांत स्वतः गाडी चालवेल, म्हणून आत्ताच सवय लागायला हवी. रागावून झालं, अपघाताचे व्हिडिओ दाखवून झाले. आणखी काय करता येईल?

गॅरेजवाला
आधी बेल्ट तपासा, मुलाशी बोलणं नंतर. मागच्या सीटवरचे बेल्ट वर्षानुवर्षं कुणी वापरत नाही. मग बकल सीट कव्हरखाली दबतं, पट्ट्याला पीळ पडतो, पट्टा मळून जड होतो. सापडत नाही ती वस्तू मुलं वापरत नाहीत. सगळी बकलं कव्हरच्या वर काढून ठेवा आणि प्रत्येकात क्लिप घालून, ओढून बघा.

पट्टा सावकाश परत जात असेल तर तो पूर्ण बाहेर ओढून धरा, कोमट पाण्यात सौम्य साबण घालून फडक्याने पुसा आणि बाहेर ओढलेलाच वाळू द्या. ब्लीच अजिबात नको, धाग्यांची ताकद जाते. कडा उसवल्या असतील किंवा गाडीला मोठी धडक बसून गेली असेल तर बेल्ट पूर्ण बदला.

आणखी एक. मुलं घाईने बेल्ट खसकन ओढतात, तो अडकतो, आणि 'खराब आहे' म्हणून सोडून देतात. तो खराब नसतो. झटका बसला की लॉक व्हायचं हेच त्याचं काम. गाडी उतारावर उभी असेल तरी लॉक होतो. थोडा आत जाऊ द्यायचा आणि हळू ओढायचा.

मानेला घासण्याचं कारण बहुतेक वेळा बसण्यात असतं. पाठ सीटला पूर्ण टेकली पाहिजे. पाठीवर सॅक ठेवून बसलं तर ती टेकत नाही. खालचा पट्टा पोटावर नको, कंबरेच्या हाडांवर, मांडीच्या सांध्याला लागून हवा. क्लिप लावली की वरचा पट्टा वर ओढून खालच्या भागातला ढिलेपणा काढायचा. जाड जॅकेट असेल तर उघडून पट्टा त्याच्या आतून घ्यायचा. वरचा पट्टा मान आणि खांद्याचं टोक यांच्या मधोमध, हासळीच्या हाडावरून जायला हवा. पुढच्या सीटला बऱ्याच गाड्यांत खांबावर बटण असतं, त्याने वरचा टेकू खाली-वर होतो. मागे सहसा नसतं. उंची साधारण १४५ सेंटीमीटरपेक्षा कमी असेल तर वय काही असो, बूस्टर सीट लागते.

काखेखालून घेणं बंदच करा. तसं घेतलं की सगळा जोर खालच्या बरगड्यांवर येतो, आणि त्यांच्या मागेच यकृत आणि प्लीहा असतात. नील्स बोहलिन या अभियंत्याने १९५९ साली व्होल्वो या कार कंपनीसाठी तीन ठिकाणी बांधलेला बेल्ट केला तो छाती आणि कंबर दोन्ही धरण्यासाठी. खांदा सोडला की वरचं अंग मोकळंच राहतं.

भौतिकशास्त्र शिक्षिका
'जवळच जायचंय' याचं उत्तर त्यालाच काढू द्या: गाडीच्या वेगाने आदळणं म्हणजे किती उंचीवरून पडण्यासारखं आहे? उंची = वेगाचा वर्ग भागिले दुप्पट गुरुत्व त्वरण. ताशी ५० किलोमीटर म्हणजे सेकंदाला सुमारे १३.९ मीटर. उत्तर येतं जवळपास १० मीटर, म्हणजे तिसऱ्या मजल्यावरून खाली पडणं. ताशी ३० ला साडेतीन मीटर. हा वेग गल्लीतला आहे, हायवेचा नाही.

मग एकच प्रश्न विचारा: गाडी थांबली, तू थांबला नाहीस, तर तुझ्या समोर कोण बसलंय? मागचा माणूस त्याच वेगाने पुढच्या सीटवर आदळतो आणि पुढच्याला चिरडतो. या वयातली मुलं स्वतःच्या जिवाबद्दल बेफिकीर असतात, पण आपल्यामुळे आईला किंवा मित्राला लागेल हे त्यांना पटतं. भीतीच्या व्हिडिओंपेक्षा हे जास्त टिकतं.

पालक
दोघांचे आभार. तो म्हणतो एअरबॅग आहेच की. आणि मित्राच्या गाडीत आवाज बंद करायची नुसती क्लिप लावलेली आहे म्हणे.

गॅरेजवाला
एअरबॅग साधारण सेकंदाच्या तीन-चार शतांश भागात फुगते, आणि ती बेल्ट लावलेल्या माणसासाठी बसवलेली असते. ब्रेक लागला की बिनबेल्टचा माणूस पुढे सरकतो आणि तोंड नेमकं फुगणाऱ्या पिशवीसमोर येतं. नकली क्लिप घातली की गाडीला वाटतं बेल्ट लागलाय. काही गाड्यांत एअरबॅगचा निर्णयही या माहितीवर ठरतो. अशी क्लिप काढून टाका.

वाहन प्रशिक्षक
मित्रांचा मुद्दा उरला, आणि सगळ्यात अवघड तोच आहे. घरच्या गाडीत नियम चालवणाऱ्याचा: सगळे बेल्ट लागेपर्यंत गिअर पडत नाही. एकदा शांतपणे सांगायचं आणि थांबायचं, वाद घालायचा नाही. आजोबा-आजी मागे बसले असतील तरी तोच नियम. मोठ्यांना सूट दिली की मुलांसाठी तो नियम संपला. वाटेत कुणी काढला तर सुरक्षित जागा बघून गाडी बाजूला घ्यायची.

गाडी शिकवायला लागाल तेव्हा क्रम पक्का करा: सीट, आरसे, स्वतःचा बेल्ट, बाकीच्यांचे बेल्ट, मग इंजिन. मित्रांसमोर बोलायला त्याला छोटं वाक्य द्या, "लागले का सगळ्यांचे? निघतो." उपदेश करायला त्याला लाज वाटेल, हे वाक्य सहज तोंडात बसतं. जितके बेल्ट तितकीच माणसं, हेही चावी देण्याआधी ठरवा. एका बेल्टमध्ये दोघं बसले तर दोघांची डोकी एकमेकांवर आदळतात. दुसऱ्याच्या गाडीत बेल्ट नसेल किंवा जागा कमी असेल, तर तो फोन करेल आणि तुम्ही प्रश्न न विचारता न्यायला जाल, हा शब्द द्या आणि पाळा.

लांबच्या प्रवासात सीट आडवी करून झोपणं आणि डॅशबोर्डवर पाय ठेवणं, दोन्ही थांबवा. आडवं झालं की बेल्ट लावलेला असूनही अंग त्याच्या खालून सरकतं आणि पट्टा पोटात रुततो.