हार्मोनच्या इंजेक्शनसोबत इम्युनोथेरपी जोडावी का?

प्रश्न (जळगाव): वडील ७१ वर्षांचे, प्रोस्टेटचा कॅन्सर हाडांत पसरलेला. ल्युप्रोलाइड (टेस्टोस्टेरॉन दाबणारं हार्मोनचं इंजेक्शन) आणि अबिरॅटेरॉन (टेस्टोस्टेरॉन आणखी कमी करणाऱ्या गोळ्या) चालू असूनही पीएसए (या कॅन्सरची रक्तातली खूण) वाढतोय. इम्युनोथेरपी (शरीराची प्रतिकारशक्ती कॅन्सरवर सोडणारी औषधं) जोडून फरक पडेल?

उत्तर १: सरसकट नाही, भाऊ. एन्झालुटामाइड या हार्मोनविरोधी औषधासोबत पेम्ब्रोलिझुमॅब हे इम्युनोथेरपीचं औषध देणारी कीनोट-६४१ चाचणी फायदा न दिसल्याने २०२३ मध्ये थांबवली. अ‍ॅटेझोलिझुमॅब या तशाच औषधाचंही तेच झालं. या गाठीत टी-पेशी (कॅन्सरशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी) मुळातच कमी शिरतात. गाठ एमएसआय-हाय (डीएनएची दुरुस्ती बिघडलेली) निघाली तर मात्र गोष्ट वेगळी. मग पेम्ब्रोलिझुमॅब २०० मिलिग्रॅम दर तीन आठवड्यांनी.

उत्तर २: एमएसआय तपासायला लॅबमधून बायोप्सीचा मेणाचा ब्लॉक मागा, नुसती स्लाइड नको. डीएनए दुरुस्त करणारी चार प्रथिनं तपासायला सांगा: एमएलएच१, एमएसएच२, एमएसएच६, पीएमएस२. सोबत बीआरसीए जनुकंही. हाडाचा तुकडा अ‍ॅसिडमध्ये मऊ केलेला असेल तर डीएनए खराब होतो, जनुकांचा रिपोर्ट बऱ्याचदा येतच नाही.

उत्तर ३: आधी टेस्टोस्टेरॉन बघा, ५० नॅनोग्रॅम/डेसिलिटरच्या खाली हवं. इंजेक्शनची तारीख चुकली की तेच वर जातं. अबिरॅटेरॉन उपाशीपोटी; शेवभाजी-भाकरीवर घेतलं तर रक्तात भलतंच चढतं. अबिरॅटेरॉनसोबतचं स्टेरॉइड प्रेडनिसोलोन परस्पर बंद करू नका.

उत्तर १: आणि इम्युनोथेरपी सुरू झालीच, तर जुलाब किंवा नवा खोकला अंगावर काढायचा नाही, तो तिचा दुष्परिणाम असू शकतो. त्याच दिवशी डॉक्टरांना फोन.