न हसवलेला विनोदी सिनेमा: तुमचे अनुभव लिहा (सिनेमाचं नाव न घेता)

खारीबिस्कीट
काल मानपाड्याला रिक्षा अडकली. मेट्रोचे खांब मोजत बसले होते आणि रिक्षावाल्याने ते गाणं लावलं. समुद्रकिनारा, हिरो उलटा चालत येतो ते. एकदम 2009 चा श्रावण आठवला.

लग्न ठरून पंधरा दिवस झाले होते. हा ऐरोलीचा, मी नौपाड्याची. दोघांनीच बाहेर जायची पहिली परवानगी, ती पण "सहाचा नको, तीनचा शो बघा" या अटीवर. याने रोमँटिक कॉमेडीची तिकिटं काढली. पोस्टरवर सगळे दात दाखवत होते. मी आईची मोरपंखी ओढणी घेतलेली.

अहो, अडीच तासांत एक विनोद नाही! हिरोचा मित्र जाडा आणि तो सारखा खातो, हा विनोद. हिरॉईन चष्मा काढते आणि सुंदर दिसते. कुणी पडलं की मागे "टुईंग" वाजायचं. मला वाटलं मलाच कळत नाहीये, त्याला आवडत असेल, म्हणून मी अधूनमधून बारीक हसत होते. तोही हसत होता. मध्यंतरानंतर लक्षात आलं, मी हसले की तो हसतोय, आणि तो हसेल म्हणून मी. अख्ख्या थिएटरात दोघंच. पुढच्या रांगेतल्या आजोबांनी मागे वळून विचारलं, "काय म्हणाला तो?"

नंतर तलावपाळीवर भेळ खाताना मी म्हटलं, छान होता ना. तो म्हणाला, हो हो. हे खोटं आम्ही लग्नानंतरही तीन वर्षं चालवलं. टीव्हीवर लागला की "आमचा पिक्चर" म्हणून साबांना (सासूबाईंना) पण बसवायचो. एकदा त्या अर्ध्यातून उठल्या, गवार निवडायला घेतली आणि म्हणाल्या, "हे बघून लग्न केलंत?" तेव्हा फुटलं बिंग.

लिहा तुमचेही. नाव नको, कुणाचा तरी आवडता असतो.

कोपरीकर
पहिला!! आजोबा एक नंबर, ह.ह.पु.वा. (हसून हसून पुरेवाट)
बाकी 2004 ला ठाणे-वाशी लोकल सुरू झाली नसती तर ऐरोलीचं स्थळ नौपाड्याने बघितलं तरी असतं का

सेक्टर_नऊ
कोपरीकर 😂 आमच्याकडे वाशीत अजूनही ठाण्याचं स्थळ म्हणजे "लांब आहे हो".

माझा किस्सा. ऑफिसचे आठ जण गेलो होतो. मध्यंतरानंतर पडदा गोठला. हिरॉईनचा एक डोळा अर्धा मिटलेला, तोंड उघडं, आणि ते तसंच दहा मिनिटं. लोक काय हसले! एक जण म्हणाला, "हिला शिंक येतेय, रुमाल द्या कुणीतरी." मग सिनेमा पुन्हा सुरू झाला तर मागून आवाज आला, अरे राहू दे, तेच बरं होतं.

ताकभात
वाचतेय. कुकर लावून येते.

गणिती
सिनेमापेक्षा पॉपकॉर्न महाग हा खरा विनोद. पाण्याची बाटली घ्यायला लावतात तेव्हा सांगा, 2023 च्या जानेवारीत सुप्रीम कोर्टाने म्हटलंय की बाहेरचं खाणं आत येऊ द्यायचं का ते थिएटरवाल्याने ठरवावं, पण प्यायचं पाणी फुकट ठेवलंच पाहिजे. मागितलं की कोपऱ्यातला कूलर दाखवतात.

ताकभात
आले. कोर्टाने हशाची पण सोय करायला हवी होती, कूलरशेजारी.
माझ्या पर्समध्ये एकदा कोथिंबीर वड्या निघाल्या होत्या. तपासणीच्या ताईंनी वास घेतला, इकडेतिकडे बघितलं आणि चेन लावून दिली. दोन ठेवायला हव्या होत्या त्यांना. सिनेमा आठवत नाही, वड्या आठवतात.

साउंडवाला
ते "टुईंग" टाकणाऱ्यांपैकी मी एक. माफी असावी.
कसं होतं, एडिट बघताना खोलीत कुणी हसत नाही. मग दिग्दर्शक म्हणतो, इथे काहीतरी टाक रे. आधी एक सनई, मग एक टुईंग, तरी नाही तर दोन्ही. जिथे जास्त वाजतंय तिथे जोक मेलाय समजा.

नाटकवाल्यांचं बरं असतं. गडकरी रंगायतनला विंगेतून बघायचो मी. हशा आला की नट थांबतो, पुढचं वाक्य त्यात बुडू नये म्हणून. नाही आला तर तसाच पुढे सटकतो, कुणाला कळत पण नाही. शनिवारचा पॉज वेगळा, रविवारचा वेगळा. सिनेमात तो पॉज कितीतरी आधी कापून ठेवलेला असतो. प्रेक्षक हसले नाहीत की ती रिकामी जागा तशीच दिसते, हिरो दोन सेकंद भुवया उडवून उभा. त्या दोन सेकंदांची लाज टीममधल्या प्रत्येकाला वाटते हो, खरंच.

कोपरीकर
साउंडवाला, दंडवत. माफ केलं. टुईंगचं नाही करणार.

उपवन_बाजू
आई गेली त्याला तेव्हा दीड महिना झाला होता. बाबा रात्री झोपायचे नाहीत, गॅलरीत बसायचे. भावाने ठरवलं त्यांना हसवायचं, म्हणून असलाच एक सिनेमा. पहिली वीस मिनिटं मला इतकं अपराधी वाटलं, कुठे आणलं यांना. बघते तर बाबा झोपलेले, चक्क घोरत होते. मागच्या बाईंनी "शुक" केलं. भावाने हात जोडले त्यांना. संपल्यावर सफाईवाले आले तरी आम्ही उठवलं नाही, ते बिचारे आजूबाजूच्या रांगा झाडत राहिले. बाबा उठून म्हणाले, "बरा होता." इतकंच. मुलगा हाक मारतोय, जाते.

ताकभात
❤️

सेक्टर_नऊ
उपवन_बाजू, काय लिहू. बाबा कसे आहेत आता?

उपवन_बाजू
मस्त आहेत. रोज तळ्याला तीन फेऱ्या आणि येताना नको म्हटलेली जिलबी.

नवीन_ऐरोली
अवांतराबद्दल क्षमस्व. ऐरोली सेक्टर 8 जवळ कुणी पोळीवाल्या मावशी सांगेल का? सकाळी सातच्या आत हव्यात.

गणिती
इथे??

नवीन_ऐरोली
धागाकर्तीच्या सासरचं माणूस असेल वाचत म्हणून विचारलं

खारीबिस्कीट
साबांना विचारते, थांबा.

सगळे प्रतिसाद नवऱ्याला वाचून दाखवले. उपवन_बाजूंच्या बाबांपाशी गप्प झाला जरा वेळ. मग पाणी प्यायला उठला आणि स्वयंपाकघरातून म्हणाला, "तसा शेवटचा स्टेशनवरचा सीन बरा होता पण." मी म्हटलं काय?? तर म्हणे, "मी त्याला खरंच हसलो होतो. तू नव्हतीस?"
सोळा वर्षं झाली हो.

कोपरीकर
लिंक द्या, बघून सांगतो कोण बरोबर

खारीबिस्कीट
नवीन_ऐरोली, साबांच्या ओळखीच्या आहेत एक मावशी, पण साडेसातला येतात. चालेल?