‘प्रॉम्प्ट’ला मराठीत काय म्हणावे? एका पुस्तिकेच्या निमित्ताने

नागपुरातील ज्येष्ठ नागरिकांच्या आमच्या छोट्या वाचनमंडळासाठी, एआय सहायकाशी मराठीत कसे बोलावे हे शिकवणारी चोवीस पानांची पुस्तिका तयार करण्याचे काम माझ्याकडे आले आहे. कोणत्या पानावर काय असावे हे दोन बैठकांत ठरले. अडले ते शब्दांपाशी.

पहिली अडचण मुखपृष्ठावरच आली. एका सदस्यांनी ‘मैत्रीपूर्ण मार्गदर्शिका’ असे नाव सुचवले, आणि ते ऐकताच निम्मी बैठक हसली, कारण ‘मैत्रीपूर्ण’ म्हटले की आपल्याकडे निवडणुकीतील मैत्रीपूर्ण लढत आठवते, जिच्यात मैत्री सोडून बाकी सगळे असते. ‘गाइड’ म्हणावे तर ते परीक्षेच्या आदल्या रात्री उघडायचे पुस्तक. सध्या ‘एआयशी बोलताना’ एवढेच नाव ठेवले आहे. ‘संवाद’ हा शब्द मी जाणूनबुजून टाळला. संवादात दोन्ही बाजूंनी समजून घेणे अभिप्रेत असते, आणि दुसऱ्या बाजूला ते कितपत घडते याची हमी पहिल्याच पानावर देणे मला प्रशस्त वाटत नाही. ‘बोलणे’ पुरेसे आहे.

‘सहायक’ या शब्दाविषयी एकच सूचना : ‘सहाय्यक’ असे कृपया लिहू नये. ‘सहायक’ किंवा ‘साहाय्यक’ ही दोन्ही रूपे बरोबर आहेत. मधले रूप सरकारी पाट्यांवर कितीही दिसले तरी ते या दोहोंच्या गोंधळातून निघालेले आहे.

खरा प्रश्न ‘प्रॉम्प्ट’चा, म्हणजे आपण एआयला जे लिहून विचारतो किंवा करायला सांगतो त्या मजकुराचा आहे. ‘सूचना’ म्हणावे तर फोनवर वाजणाऱ्या नोटिफिकेशनलाही मराठीत ‘सूचना’च म्हणतात, त्यामुळे ‘सूचना लिहा’ असे वाचून आमचे वाचक फोनची सेटिंग्ज उघडतील. ‘आज्ञा’ फार करडी आहे, आणि ‘आज्ञावली’ संगणकाच्या प्रोग्रामसाठी पूर्वीच खर्ची पडली आहे. ‘पृच्छा’ तोंडात बसत नाही. ‘सांगावा’ हा शब्द मला मनापासून आवडतो. परंतु सांगावा दुसऱ्या कोणाच्या हाती धाडायचा असतो, आणि इथे तर आपण थेट बोलत असतो. जाणकारांचे मत हवे आहे.

प्रतिसाद

ताई, आपण ‘प्रॉम्प्ट’ला परका का समजता? हौशी रंगभूमीवर माझी तीस वर्षे गेली आहेत. विंगेत संहिता घेऊन बसलेला प्रॉम्प्टर, नट अडखळताच पुढच्या वाक्याचे पहिले दोन शब्द हलक्या आवाजात पुरवतो, आणि नट उरलेले वाक्य बोलून जातो. ‘मला प्रॉम्प्ट कर’ हे वाक्य मराठी नाटकवाल्यांनी पिढ्यान्‌पिढ्या वापरलेले आहे. ऑक्सफर्डने २०२३ साली वर्षाच्या शब्दासाठी जी अंतिम यादी काढली, तिच्यातही ‘प्रॉम्प्ट’ होता. जो शब्द जगभर चालतो आणि आपल्या विंगेत आधीपासून आहे, तो तसाच ठेवावा.

मूळ लेखिका

आपल्या प्रतिसादामुळे माझ्या मनातील गोंधळ निवळला, मात्र निष्कर्ष आपल्या उलट निघाला. नाटकातील प्रॉम्प्टिंग चालते, कारण नटाला ते वाक्य आधीच पाठ असते. दोन शब्द पुरतात ते त्यामुळे. नवशिका माणूस एआयसमोर नेमकी हीच चूक करतो.

मागच्या आठवड्यातील सराव सांगते. मंडळातील एका काकूंनी मोबाइलवर ‘संत्रा माहिती’ असे दोनच शब्द लिहिले. उत्तरात संत्र्याचे शास्त्रीय नाव, त्यातील जीवनसत्त्वे आणि सरबताची कृती असे बरेच काही आले. काकूंनी चष्मा काढला आणि ‘हे तर मला माहीतच आहे जी’ म्हणून फोन बाजूला ठेवला. त्यांना विचारायचे होते ते निराळेच. ते त्यांनी मला तोंडी सांगितले, आणि मी त्यांना तेच जसेच्या तसे लिहायला लावले : ‘काटोलजवळ आमची दोन एकर संत्र्याची बाग आहे. आंबिया बहाराची फळगळ होऊन राहिली आहे. उद्या कृषी अधिकाऱ्यांना भेटायचे आहे. त्यांना काय काय विचारावे, असे पाच प्रश्न सोप्या मराठीत लिहून द्या.’ या वेळी आलेले उत्तर त्यांनी वहीत उतरवून घेतले. पाणी केव्हा आणि किती दिले, गळलेल्या फळाच्या देठाशी काळेपणा आहे का, खताचा शेवटचा हप्ता कोणता होता, असे प्रश्न त्यात होते.

दोन्ही वेळी काकू त्याच होत्या आणि यंत्रही तेच होते. पहिल्या वेळी त्यांनी ‘प्रॉम्प्ट’ केले आणि दुसऱ्या वेळी ‘सांगितले’. म्हणून माझे मत असे बनले आहे की, पुस्तिकेत नाम शोधत बसण्याऐवजी ‘सांगणे’ हे क्रियापदच वापरावे : आपण कोण, अडचण काय, उत्तर कशासाठी हवे, हे सांगा. जिथे नामावाचून चालणारच नाही, तिथे ‘सांगणे’ हेच नाम म्हणूनही चालते. ‘माझे एवढेच सांगणे आहे’ असे आपण म्हणतोच. ‘प्रॉम्प्ट’ हा शब्द एकदाच, ‘याला प्रॉम्प्ट असेही म्हणतात’ एवढ्यापुरता देईन.

जाता जाता : काकूंच्या ‘होऊन राहिली आहे’ला मी हात लावला नाही. आपल्याकडे ‘विचारून राहिलो’ म्हणजे विचारतो आहे, आणि ‘विचारायचे राहिले’ म्हणजे विचारलेच नाही; पुण्याच्या पाहुण्याला यात घोटाळा वाटतो. सरावात मात्र सहायकाचा असा घोटाळा झालेला दिसला नाही. बोलीत लिहायला संकोच करू नये, अशी एक ओळ पुस्तिकेत टाकणार आहे.

प्रतिसाद

मी भाषांतराचे काम करतो. एआय खोटी माहिती देतो त्याला इंग्रजीत ‘हॅलुसिनेशन’ म्हणतात. केंब्रिज शब्दकोशाने ‘हॅलुसिनेट’ला २०२३ चा शब्द ठरवले होते. मी ‘भ्रम’ वापरतो. आणखी एक प्रश्न : सहायकाला ‘तू’ म्हणावे की ‘तुम्ही’, आणि तो की ती की ते?

मूळ लेखिका

‘भ्रम’ आणि ‘भास’ ज्याला होतो त्याला काहीतरी दिसत वा ऐकू येत असते. इथे तसे काही नाही. ‘थाप’ म्हणावे तर फसवण्याचा हेतू चिकटतो. सरावात एका सहायकाने विदर्भ साहित्य संघाची स्थापना नागपूरची असल्याचे ठामपणे सांगितले. संघ आज नागपुरात आहे, म्हणून उत्तर ऐकायला बरोबर वाटले. परंतु १९२३ साली त्याची स्थापना अमरावतीत झाली. जे साधारणपणे जुळेल ते आवाज न डळमळता सांगून मोकळे होणे, याला मराठीत जुना शब्दप्रयोग आहे : ‘ठोकून देतो ऐसा जे’. मी ‘ठोकून देणे’ हेच घेतले आहे. शब्द थोडा उनाड आहे हे मान्य, पण आमच्या मंडळात तो कोणालाही समजावून सांगावा लागला नाही.

‘तू’ की ‘तुम्ही’ हे ज्याचे त्याने ठरवावे. आमच्याकडील बहुतेकांची बोटे आपोआप ‘सांगा जी’कडे वळतात. लिंगाचा प्रश्न मात्र मराठीत टळत नाही, कारण ‘आय कॅन’ला लिंग नाही पण ‘मी करू शकतो’ला आहे. एकाच उत्तरात आधी ‘मी समजलो’ आणि खाली ‘मी सुचवते’ असेही वाचायला मिळाले. पुस्तिकेत ‘सहायक’ या शब्दाच्या व्याकरणानुसार पुल्लिंग ठेवले आहे. उलट बाजू अधिक महत्त्वाची वाटते : काकूंना सहायकाने एकदा ‘तुम्ही विचारले होतेत, सर’ असे उत्तर दिले. त्यांनी न चिडता लिहिले, ‘मी बाई आहे.’ पुढची सगळी उत्तरे ‘मॅडम’ने सुरू झाली, आणि आता ते ‘मॅडम’ बंद करायला कसे सांगावे, हे त्यांनी परवा मला विचारले.