मदत हवी आहे : डोंबिवलीतला फ्लॅट एजंटमार्फत विकताना

नमस्कार मंडळी. डोंबिवली पूर्वेला आमचा वन बीएचके आहे, १९९४ साली बाबांनी घेतलेला. बाबा गेल्यावर सोसायटीने शेअर सर्टिफिकेट (सोसायटीच्या सभासदत्वाचा दाखला) आईच्या नावावर केलं. आता गुडघ्यांमुळे तिला तीन मजले चढवत नाहीत, लिफ्ट नाही, म्हणून घर विकून तिला माझ्याकडे नाशिकला आणायचं ठरलंय.

ओळखीतून एक एजंट मिळाला. बोलायला चांगला आहे, पण त्याच्या अटींनी मी अडखळलोय. दोन टक्के दलाली, सहा महिने दुसऱ्या कुणाला घर दाखवायचं नाही, आणि मूळ करारनामा व शेअर सर्टिफिकेट 'फाइलला' त्याच्याकडे ठेवायचं. मूळ कागद द्यायला माझं मन अजिबात तयार नाही. झेरॉक्सवर भागत नाही का? महारेराचा (घरबांधणी व्यवहारांवर देखरेख ठेवणारं राज्याचं प्राधिकरण) त्याचा नोंदणी क्रमांक विचारला तर म्हणतो, जुन्या घराच्या विक्रीला तो लागत नाही. हे खरं आहे का?

आणखी एक. बाबांच्या वारसांत आम्ही दोघं भावंडंही आहोत. ताई दुबईला असते. फक्त आईच्या सहीने खरेदीखत होईल, असं एजंट सांगतो. मला ते पटत नाही, कारण सर्टिफिकेटवर नाव चढलं म्हणून वारसांचा हक्क संपत नाही. नोंदणीकृत हक्कसोडपत्र आधी करावं का? ताईला त्यासाठी यावंच लागेल की कुलमुखत्यारपत्र चालेल?

नुकतंच घर विकलेल्यांनी कृपया सांगा, दलाली केव्हा दिलीत? टोकनच्या वेळी की नोंदणी झाल्यावर? आईचं सगळं आयुष्य त्या घरात गेलंय, तिची फसवणूक होऊ द्यायची नाही.