चिनी चहा म्हणजे म्हणे ध्यान!

बरणीबहाद्दर:
सकाळपासून तिसऱ्या ग्रुपवर तीच पोस्ट. कोणीतरी आठ दिवस चीन बघून आलं आणि लिहिलंय, 'चिनी माणूस चहा पीत नाही, चहाशी बोलतो, आपण मात्र उकळून उकळून त्याचा जीव घेतो.' अरे बाबा, टूरवाल्याने तुला दुकानात नेऊन बसवलं, रेशमी झग्यातल्या बाईने अंगठ्याएवढ्या कपात ओतून दाखवलं, शेवटी एक महागडा डबा गळ्यात मारला, आणि हे तुला रोजचं जगणं वाटलं? मी चेंगडूत साडेतीन वर्षं काढलीत. टॅक्सीवाला, वॉचमन, आमचा साहेब, सगळ्यांकडे झाकणाची काचेची बाटली. सकाळी चिमूटभर पानं टाकायची आणि दिवसभर वरून गरम पाणी ओतत राहायचं, संध्याकाळी चव शून्य तरी पितात. रेल्वेत उकळत्या पाण्याचा नळ असतो तो काय ध्यानासाठी? पीपल्स पार्कातल्या हेमिंग टीहाउसला जा, बांबूच्या खुर्च्या, गायवान म्हणजे झाकणवाला कप, जस्मिनचा चहा, पत्ते, आणि चिमटा वाजवत फिरणारा कान कोरणारा. कट्टा आहे तो कट्टा!

शांतौरिटर्न:
चेंगडू म्हणजे अख्खा चीन का हो? ग्वांगडोंगच्या पूर्वेला चाओचौ-शांतौकडे या. स्कूटर दुरुस्तीच्या दुकानातसुद्धा टायरच्या शेजारी चहाचा ट्रे. गोंगफू चा, म्हणजे थोडा थोडा पुन्हा पुन्हा ओतून चहा करायची पद्धत, तिथे रोजचीच. छोटीशी किटली, ऊलोंग चहाची पानं ठासून भरलेली, पहिलं पाणी फेकून द्यायचं, आणि कप तीनच, माणसं पाच असली तरी. मी खेळण्यांच्या मालासाठी गेलो होतो, तासभर भावाचा विषयच नाही, नुसतं ओतणं. कप रिकामा केला की भरलाच. नको असेल तर भरलेला तसाच ठेवायचा, हे कळेपर्यंत रात्रीचे तीन वाजले होते आणि मी छताकडे बघत पडलो होतो.

सोवळेमावशी:
थांबा थांबा. तीन कप आणि पाच माणसं? म्हणजे उष्टं??

शांतौरिटर्न:
अहो मावशी, दर फेरीला उकळत्या पाण्यात फिरवून घेतात.

सोवळेमावशी:
दोन सेकंद फिरवला की झालं का? कडेला ओठ लागलेले असतात.

टपरीप्रेमी:
आणि आपल्या टपरीवर ग्लास बादलीत बुचकळून देतात, त्याच पाण्यात सकाळपासून दोनशे ग्लास, ते चालतं ना?

सोवळेमावशी:
मी टपरीवर पीत नाही. उगाच तोंडी लागू नका.

दुधसाखर_जास्त:
मूळ मुद्दा राहिला बाजूला. दुधाशिवाय जे असतं त्याला काढा म्हणतात. चिन्यांना दूध माहीतच नाही.

बरणीबहाद्दर:
तिबेटात लोणी घालतात, मंगोल लोक दूध आणि मीठ. दोन्ही चीनच्याच नकाशात. बोबा म्हणजे गोळ्या घातलेला दुधाचा चहा, त्या दुकानांबाहेरची पोरांची रांग वेगळीच.

माजी_हॉस्टेलकर:
उष्ट्यावर माझं ऐका. एमबीबीएसला ग्वांगचौला होते. यमचाला, म्हणजे चहा आणि सोबत खायला, नेलं, टेबलावर मोठं भांडं, त्यात गरम चहाचं पाणी. मला वाटलं सूप. उचलणार तेवढ्यात मैत्रिणीने हात धरला, ते वाट्या आणि काड्या धुवायचं! खाण्याआधी प्रत्येक जण स्वतःची भांडी चहाने धुतो. म्हणजे मावशींसारखी माणसं तिथेही आहेत. आणि कोणी चहा ओतला की थँक्यू म्हणायचं नाही, दोन बोटं टेबलावर टकटक. मी शिएशिए म्हणत राहायचे, सगळे हसायचे.

टपरीप्रेमी:
बघा, सोवळं इंटरनॅशनल आहे 😄

सोवळेमावशी:
हसा. कावीळ झाली की कळेल. माझ्या दिराला झाली होती, तेही ऑफिसच्या कँटीनमधल्या ग्लासांमुळे.

टपरीप्रेमी:
दिराची कावीळ आणि चाओचौचा चहा, काय संबंध आहे का!

बरणीबहाद्दर:
बरं, शांतौवाले, मानलं. तुमच्याकडे चोचले रोजचे असतील. पण त्या पोस्टवाल्याने तुमचं टायरचं दुकान पाहिलेलं नाही, त्यामुळे तो चूकच.

शांतौरिटर्न:
चोचले म्हणे! बाटलीतलं कोमट गवत पिणाऱ्याने बोलू नये. पण पोस्टवाला चूक, एवढं मान्य.

सोवळेमावशी:
माझा मुलगा पुढच्या महिन्यात कामासाठी तिकडेच चाललाय. स्वतःचा कप नेला तर चालेल का, तेवढं सांगा.

शांतौरिटर्न:
न्यायला सांगा. थोडे हसतील. पण छोटा न्या, मोठा नेला तर तेवढाच भरतील आणि मग रात्री फोन तुम्हालाच येईल.