मदत हवी आहे: 10 हजारांत घरी एस्प्रेसो जमेल का?

नमस्कार मंडळी, मी जुळे सोलापूरला राहतो. घरी मोका पॉट (गॅसवर ठेवून वाफेच्या दाबाने कॉफी करायचं भांडं) आहे. कॉफी कडक होते, पण त्यात दाब जेमतेम दीड बार. एस्प्रेसोला, म्हणजे जोरदार दाबाने काढलेल्या दाट कॉफीला, नऊ बारच्या आसपास लागतो. बजेट 10 हजार, ग्राइंडर धरून. (घरचे म्हणतात, एवढ्यात किती शेंगा चटणी येईल!)

हाताने दाबायचं लिव्हर मशीन घ्यावं आणि उरलेले पैसे हँड ग्राइंडरवर घालावेत, असं वाटतंय. मिक्सरमध्ये निम्मी भरड, निम्मं पीठ होतं; 18 ग्रॅम दळलेल्या दाण्यांतून 36 ग्रॅम कॉफी 25-30 सेकंदांत उतरायची तर दळण एकसारखंच हवं.

असं लिव्हर मशीन कुणी वापरतंय का? आमचं बोअरचं पाणी जड आहे. आरओचं घातलं तर चव सपक होते का? आणि ताजे भाजलेले दाणे इथे कुठे मिळतात, की चिकमंगळूरहूनच मागवायचे?